आकाशाचं मास्टर सॅम्पल

वाकडच्या एका मल्टिप्लेक्समधून मला एकदा चालू सिनेमात बाहेर काढलं होतं. मी पिऊन गेलो नव्हतो, कुणाशी भांडलो नव्हतो, चोरून शूटिंगही करत नव्हतो. मी चेकशीट भरत होतो.

हे जरा फोडून सांगायला हवं. मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. आमच्याकडं गाड्यांचे पत्र्याचे भाग बनतात. दाराच्या बिजागरीची पट्टी, सीटखालचा ब्रॅकेट, असलं काहीबाही. वरून प्रेस येतो, धप्, पत्रा साच्याचा आकार घेतो, झाला पार्ट. माझ्या टेबलामागं एक काचेचं कपाट आहे. त्यात प्रत्येक पार्टचं मास्टर सॅम्पल असतं, म्हणजे गिऱ्हाइकानं पसंत करून सही केलेला, टॅग बांधलेला नमुना. शिफ्ट सुरू झाली की प्रत्येक प्रेसचा पहिला पार्ट माझ्याकडं येतो. तो मास्टर सॅम्पलसारखा असला की मी सही करतो आणि लाइन सुटते, म्हणजे काम सुरू होतं. नसला की लाल टॅग आणि लाल पेटी. सतरा वर्षं मी हेच करतोय. एकसारखेपणा म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको.

आणि म्हणूनच मी त्या दिवशी इतका भडकलो होतो.

विज्ञानकथा ही माझी जुनी खोड. शाळेत असताना जुन्या दिवाळी अंकांतून त्या वाचायचो आणि रात्री गच्चीवर पडून आकाशाकडं बघत घाबरायचो. ती भीती फार छान होती. वर काय असेल ते खरंच ठाऊक नसायचं. आता मोठा झालो, पगार आला, तर म्हटलं ती भीती विकत घेऊ. भोसरीपासून वाकडपर्यंत प्रत्येक पुलावर त्या सिनेमाचं होर्डिंग होतं. शेकडो कोटींचा खर्च, कधी न पाहिलेलं विश्व वगैरे. होर्डिंगवर निळा झोत आकाशातून एका शहरावर पडत होता आणि खाली एक माणूस पाठ करून उभा होता. असा पाठमोरा माणूस आणि असा निळा झोत मी त्याआधी इतक्या होर्डिंगांवर पाहिला होता की मला शंका आली, हा एकच फोटो असावा आणि नुसती नावं बदलत असावीत.

म्हणून जाताना मी खिशात तपासणीचा एक कोरा कागद घेतला आणि सिनेमा बघायच्या आधीच त्यावर बारा मुद्दे लिहून ठेवले. एक, शास्त्रज्ञ इशारा देतो आणि कोणी ऐकत नाही. दोन, नायकाला घरी वेळ देता येत नाही, मुलीच्या वाढदिवसाला उशीर होतो. तीन, उंच इमारत कोसळते, पण कुत्रं वाचतं. असं करत करत अकरावा मुद्दा, नायकाचा म्हातारा बाप किंवा बापासारखा गुरू बलिदान देतो. बारावा, उलटे आकडे मोजले जातात आणि एक आकडा उरला असताना बटण दाबलं जातं.

मध्यंतरापर्यंत माझ्या सात बरोबरच्या खुणा झाल्या होत्या, शेवट जवळ आला तेव्हा दहा. अंधारात कागद दिसेना म्हणून मी मोबाइलचा टॉर्च लावत होतो.

"ओ काका, टॉर्च बंद करा ना!" मागून एक आवाज आला.

"झालंच भावा," मी म्हणालो, "दोनच मुद्दे राहिलेत."

"कसले मुद्दे?"

आता इथं गप्प बसायला हवं होतं. पण मी इन्स्पेक्टर पडलो. विचारलं की रिपोर्ट द्यायची सवय.

"आता हा म्हातारा मरेल," मी म्हणालो, "आणि मग तो बटण दाबेल."

पडद्यावर म्हाताऱ्यानं नायकाला दाराबाहेर ढकललं, आतून कडी लावली आणि काचेवर तळहात टेकवला. अख्खी रांग माझ्यावर उठली. एक बाई म्हणाली, "दुसऱ्यांच्या पैशांचं वाटोळं करायला येतात मेले." सिक्युरिटीवाला आला. मी त्याला कागद दाखवून म्हणालो, "अहो, वाटोळं मी नाही केलं, ज्यानं हा जुनाच साचा परत वापरला त्यानं केलं." त्यानं कागद उलटा धरून पाहिला आणि मला दंडाला धरून बाहेर नेलं.

माझ्या मागोमाग, पॉपकॉर्नचा पुडा छातीशी धरून, मामा बाहेर आले.

मामा म्हणजे आमच्या तीन नंबर प्रेसचे ऑपरेटर. नात्यानं ते माझे कोणी नाहीत. सगळी लाइनच त्यांना मामा म्हणते. तरुणपणी मराठवाड्यातून आले, मोशीत दोन खोल्या बांधल्या, आणि तेव्हा त्यांच्या निवृत्तीला तीन-चार महिने उरले होते. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. पहिली शिफ्ट सुटल्यावर मीच त्यांना सिनेमाला ओढून आणलं होतं.

बाहेरच्या पायऱ्यांवर बसून मी अर्धा तास तोंड सोडलं. काय काय बोललो ते आजही आठवतं, कारण त्यातला एक शब्दही मी मागं घेत नाही. माझ्या ब्रॅकेटचं भोक अर्धा मिलिमीटर सरकलं तर मी तो फेकतो, आणि बरोबर करतो, कारण त्यात ठरलेला बोल्ट बसायचा असतो. पण आकाशात कुठला बोल्ट बसवायचाय यांना? अख्खं विश्व मोकळं दिलंय. काँप्युटरवर वाट्टेल ते काढता येतं. सहा रंगांचा अंधार काढा, विचार करणारं वारं काढा, काहीही. आणि हे काढतात काय, तर इमारत पडताना! इमारत पाडायला परग्रहावरून कुणाला कशाला बोलवायचं? आमच्या पुनावळ्यात या आठवड्यात एक पडते आणि पुढच्या आठवड्यात तिथं चोवीस मजली उभी राहते.

आणि वर आम्हालाच सांगतात, पब्लिकला हेच हवंय. मला कधी विचारलं? म्हणे, कामगार माणूस शिफ्ट करून थकलेला असतो, त्याला डोकं बाजूला ठेवून बघायचा सिनेमा लागतो. अरे, आठ तास मी कंपनीत डोकं बाजूलाच ठेवलेलं असतं! तिथं त्याचा पगार मिळतो. संध्याकाळी तरी ते परत धडावर बसवावं म्हणून थिएटरात जातो, तर तिथंही दारातच म्हणतात, काढून ठेवा.

मामा पॉपकॉर्न खात ऐकत होते. डाव्या हातानं खायचे ते.

"झालं का?" ते म्हणाले.

"झालं."

"मंग मी एक सांगू का? बोलायचा नाही कुणाला. हसताल."

"सांगा की मामा."

"लांब एक ग्रह हाय. तिथल्या लोकांला हातच नाहीत. बाकी समदं हाय, हात तेवढे नाहीत. एक दिवस वरून एक बोट पडलं त्येंच्या अंगणात. त्येंला कळंना हे काय. कुणी म्हणलं बी हाय, पेरा. कुणी म्हणलं जनावराचं पिल्लू हाय, गार पडलंय, ऊब द्या. तवर दुसरं पडलं. मंग पडतच राहिले. इथं चाकणात, भोसरीत, प्रेसखाली गेलेलं एकूण एक बोट तिकडं पडायलंय."

मी पुड्यातला हात काढून घेतला.

"त्येंनी पाच गोळा केले अन् एक हात जोडला. पण पाची बोटं येगयेगळ्या माणसांचे. एकाला हलगी ठाऊक, एकाला मशीनचं बटण, एक बाईचं हाय, त्येला भाकरी थापायची असतीय. हाताला एक काम सांगावं तर पाच बोटं पाचीकडं. माझे दोन हायत त्या हातात. बाकी तीन कुणाचे, मला ठाऊक नाही."

"मग?"

"मंग काय. ते लोक वाट बघायलेत. त्येंला वाटतंय, बोट आलं म्हणजी मागून माणूस बी येत असंल. रोज अंगणात येऊन वर बघतेत, बाकीचा कवा पडतोय."

पायऱ्यांवरून पोरंपोरी सेल्फी काढत चालली होती. माझ्या मानेवर काटा आला होता, गच्चीवरचा, जुना. आणि मग मी, बारा मुद्द्यांचा इन्स्पेक्टर, नुकतंच ज्याला नावीन्याच्या आग्रहापायी दंड धरून हाकललं होतं तो मी, तोंड उघडून म्हणालो,

"भारी आहे मामा. पण यात व्हिलन कोण?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि रिकामा पुडा नीट घडी करून खिशात ठेवला.

पुढं मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह आला. दर वर्षी त्यात घोषवाक्यं, पोस्टर आणि प्रत्येक विभागाचं एक नाटुकलं असतं, आणि त्यांना बक्षिसं. एचआरच्या मॅडमनी मला बोलावून सांगितलं, "तुम्ही सिनेमावर फार बोलता कँटीनमध्ये, यंदा नाटक तुम्हीच लिहा. काहीतरी सायन्स फिक्शन करा ना, हटके."

ही बातमी लाइनवर माझ्याआधी पोचली. जेवणाच्या सुट्टीत मामा टेबलापाशी आले. ते कधी काही मागत नाहीत. त्या दिवशी मागितलं.

"माझी गोष्ट घ्या, साहेब."

"घेतलीच समजा."

"तसं नाही. ऐका." ते खाली बसले. "माझ्या अपघाताच्या रिपोर्टात एकच ओळ हाय. कामगाराचा निष्काळजीपणा. तीच ऱ्हाणार, आता कोण बदलतंय. पण बोटं कशी गेली हे ह्या लोकांनी एकदा बसून ऐकावं. मी गेल्यावर कोण सांगणार?"

कशी गेली ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच तो खाली येतो. म्हणजे हात साच्यात अडकायला मोकळाच राहत नाही. पण दोन्ही हात बटणावर ठेवले की पत्रा सरकवायला वेळ जातो, तासाचा आकडा पडतो, आणि आकडा पडला की सुपरवायझर बोलतो. म्हणून एका बटणावर चिकटपट्टी लावायची, कायमचं दाबून ठेवायचं, आणि एका हातानं काम उरकायचं. मामांच्या वेळी हेच होतं, आणि ज्या दिवशी ते माझी गोष्ट घ्या म्हणायला आले त्या दिवशीही तीन, पाच आणि सहा नंबरवर टेप होती. मी रोज तिथून पार्ट उचलायचो. टेप मला दिसायची. माझ्या चेकशीटमध्ये भोकाचा व्यास होता, कडेची धार होती, गंजाचा डाग होता. टेपचा रकाना नव्हता.

मी लिहायला बसलो. तीन संध्याकाळी बसलो. मामांची गोष्ट कागदावर घेतली की ती कशासारखीच दिसेना. नायक नाही. शत्रू नाही. शेवट तर नाहीच, सगळे नुसते वर बघत उभे. मी मनातल्या मनात ती उचलून उजेडात धरली, उलटी केली, आणि आपोआप मागं वळून कपाटाकडं बघितलं. म्हणजे खरं कपाट कंपनीत होतं, पण एक माझ्या डोक्यातही होतं. त्यात एक चकचकीत नमुना ठेवला होता, टॅग बांधून. निळ्या झोताचा. जुळत नाही म्हणून मी मामांच्या गोष्टीला लाल टॅग लावला. हे मी रागानं केलं नाही, आळसानंही नाही. सतरा वर्षांच्या सवयीनं केलं, आणि मला कळलंसुद्धा नाही.

चौथ्या संध्याकाळी मी एका बैठकीत नाटक लिहून काढलं. हात कुठं अडलाच नाही, यावरूनच खरं तर मला समजायला हवं होतं. चाकणवर उल्का येते. कंपनीतला शास्त्रज्ञ इशारा देतो, कोणी हेल्मेट घालत नाही. एक म्हातारा कामगार बलिदान देतो. दहापासून उलटे आकडे, आणि एकला लाल बटण.

मॅडमना वाचून दाखवलं. बोटांच्या ग्रहाचंही, आपलं सांगायचं म्हणून, दोन वाक्यांत सांगितलं.

"बोटं नको हो," त्या म्हणाल्या. "कार्यक्रम जेवणानंतर आहे. पॉझिटिव्ह मेसेज हवा."

"बरोबर आहे मॅडम," मी म्हणालो. किती पटकन म्हणालो! सिनेमागृहात अख्ख्या रांगेशी भांडणारा मर्द एका टेबलासमोर अर्धं मिनिट टिकला नाही.

मामांना मी लाल बटण दाबायची भूमिका दिली. भरपाई म्हणून. वर त्यांना समजावलंसुद्धा, "मामा, क्लायमॅक्स तुमच्याकडंच आहे."

"दोनी हातांनी दाबायचं का एका?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही. सुरक्षा सप्ताह आहे."

"बरं."

पार्किंगमध्ये मांडव घातला होता. थर्माकोलची उल्का आमच्याच पेंटशॉपनं रंगवली होती. पहिली पाच मिनिटं बरी गेली. मग मागच्या रांगेतून आमच्या लाइन सुपरवायझरचा आवाज आला. हा पुनावळ्याचा मूळचा माणूस, शेतावर आता टॉवर उभे आहेत, कंपनीत येतो तो घरी करमत नाही म्हणून.

"आरं, आता त्यो शास्त्रज्ञ वराडंल आन् कोन ऐकनार न्हाई बग!"

शास्त्रज्ञ ओरडला. कोणी ऐकलं नाही. हशा.

"आता म्हातारं गचाकतंय!"

म्हातारा गचकला. मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. मी विंगेत, म्हणजे दोन ताडपत्र्यांच्या मध्ये, हातात संहिता घेऊन उभा होतो आणि मला टॉर्चची, त्या बाईची, सिक्युरिटीवाल्याची आठवण येत होती. फरक इतकाच की आता बाहेर कुणाला काढायचं हे मला माहीत होतं. आकडे मोजायला सुरुवात झाली तेव्हा सगळा मांडवच मोजू लागला. दहा, नऊ, आठ.

सिनेमा असता तर मामा तिथं थांबले असते. संगीत बंद झालं असतं, त्यांनी माइक ओढून घेऊन आपली गोष्ट सांगितली असती आणि प्लांट हेडच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. मी खरोखर तशी वाट बघत होतो, इतका मी त्या साच्यातून निघालेला.

मामांनी एकला बटण दाबलं. दोन्ही हातांनी. लिहून दिलं होतं तसंच.

नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. प्लांट हेड साहेब म्हणाले, "अगदी पिक्चरसारखं झालं." मला ही शिवी वाटली, पण ढाल घ्यायला मी स्टेजवर गेलोच. उतरताना मामा भेटले. तोंडावरचा रंग पुसत होते.

"लाइन सुटली, साहेब," एवढंच म्हणाले.

घरी बायकोनं ढाल टीव्हीशेजारी ठेवली. मी ती उचलून माळ्यावर टाकली. ती म्हणाली, "का? जिंकलात ना?" निर्मात्यांना, होर्डिंगांना, शेकडो कोटींना मी आयुष्यभर शिव्या दिल्या, की तुमच्याकडं सगळं असून तुमची छाती होत नाही. माझ्याकडं ना कोटी होते ना बुडायला काही होतं. फुकटातली छाती होती, तीही झाली नाही.

मामांचा शेवटचा दिवस आला. पहिली शिफ्ट. शिफ्टच्या आधी आमच्याकडं दहा मिनिटांची उभ्या-उभ्या बैठक असते. आधी सुरक्षेची शपथ, मग मी कालचे रिजेक्ट झालेले पार्ट वाचून दाखवतो. कोणी ऐकत नाही, ते योग्यच आहे. त्या दिवशी मी कागद उघडला नाही.

"आज माझी दहा मिनिटं मामांना," मी म्हणालो. "मामा, ग्रहाचं सांगा."

ते तयार नव्हते. "आता कशाला," म्हणाले. मी म्हणालो, "नाटकात मी तुमची गोष्ट घ्यायला हवी होती. मी घाबरलो." सगळ्यांसमोर म्हणालो, आणि ते सोपं नव्हतं. मामांनी टोपी काढली, परत घातली, आणि सांगायला लागले. लांब एक ग्रह हाय.

एकजण हसला, मध्येच थांबला. पेरायचं आलं, ऊब द्यायचं आलं, हलगीचं बोट, भाकरीचं बोट. ते लोक अंगणात येऊन वर बघतात तिथं मामा थांबले.

"आन् मंग?" सुपरवायझर म्हणाला.

"मंग काय, तेवढंच."

"आसं कसं? मानूस जातो का न्हाई बाकीचा?"

"डावा हात बी जोडला का त्यांनी?" पाच नंबरवाला म्हणाला.

"मामा, बोटात अंगठी असंल तर?"

भोंगा झाला तरी कोणी हलेना. मी सुपरवायझरच्या तोंडाकडं बघत होतो. ज्या माणसानं माझं नाटक ओळ न ओळ आधी सांगितलं होतं, त्याला पुढं काय होणार हे कळत नव्हतं. मलाही नव्हतं. शेकडो कोटींच्या सिनेमातून जे मला वाकडला मिळालं नाही, ते इथं सकाळी, तेलकट फरशीवर, उभ्यानं मिळत होतं.

"बाकीचा माणूस जातो का नाही," मामा म्हणाले, "ते मी कसं सांगू? टेप तुमच्याकडं हाय."

कोणी धावत जाऊन टेप फाडली नाही. असं काही झालं नाही, उगीच सांगणार नाही. पाच नंबरवाला आपल्या मशीनपाशी जाऊन नुसता उभा राहिला, बराच वेळ, बटणाकडं बघत. लाइन सुटायला उशीर होत होता. लाइन उशिरा सुटली की कारण मला लिहावं लागतं.

मी लिहिलं, "तीन, पाच, सहा नंबर प्रेस, उजव्या बटणाला टेप. पहिला पार्ट मंजूर नाही."

सुपरवायझरनं खांद्यावरून वाचलं. "हे तुमच्या शीटात बसतंय व्हय?"

"न्हाई बसत," मी त्याच्याच भाषेत म्हणालो. रकान्यात जागा नव्हतीच. ती ओळ समासात, उभी लिहिली होती.

त्यानं कागद हातात घेतला. मग खिशातून पेन काढलं आणि समासाच्या उरलेल्या जागेत, माझ्या ओळीच्या खाली, आपली सही केली.